सोल्युशनच्या टाकीतलं पंचामृत

आमच्या कारखान्यात धूर पकडायचे. मी हे पहिल्यांदा घरी, निमोण्यात सांगितलं तेव्हा वडिलांनी हातातला घास तसाच ठेवून विचारलं, "धूर धरायला बी.एस्सी. कशाला व्हावं लागतंय? तुझी आई जन्मभर चुलीपुढं बसून धरतीय की." माझा भाऊ तेव्हा कारेगावात खोली करून राहत होता आणि रांजणगावच्या एमआयडीसीत फ्रिजची दारं बसवत होता. दार दाखवता येतं, त्याला मूठ असते, ते उघडतं. मी काय दाखवणार? त्यामुळे पाहुण्यारावळ्यांत भाऊ 'कंपनीत' असायचा आणि मी 'तिकडं दौंडला कायतरी करती' एवढीच असायचे. शिरूरच्या कॉलेजात केमिस्ट्रीत पहिली आले होते, ते सगळे सोयीस्करपणे विसरले होते.

मी करत होते ते असं. बॉयलरचा धूर धुऊन, गार करून एका उंच मनोऱ्यात खालून सोडायचा आणि वरून त्याच्या अंगावर अमाइनचं पाणी ओतत राहायचं. अमाइन म्हणजे माशासारखा उग्र वास मारणारं, जरा चिकट असं रसायन. चार भाग पाण्यात एक भाग अमाइन मिसळलं की आम्ही त्याला सोल्युशन म्हणायचो. गार असताना हे सोल्युशन धुरातला कार्बन डायऑक्साइड गपागप खातं. नुसत्या पाण्यात जेवढा विरघळतो त्याच्या कितीतरी पट. मग तेच सोल्युशन दुसऱ्या मनोऱ्यात नेऊन उकळलं की खाल्लेला गॅस ओकून टाकतं आणि गार होऊन पुन्हा खायला तयार. ओकलेला गॅस मात्र स्वच्छ असतो. तो सिलिंडरमध्ये भरून सोडावाल्यांकडे आणि कोल्ड्रिंकवाल्यांकडे जायचा. लग्नात बाटली पिऊन ऐटीत ढेकर देणारे वऱ्हाडी बघितले की मला आमचं धुराडं आठवायचं.

जेवलेल्या आणि रिकाम्या सोल्युशनला पुस्तकात इंग्रजी नावं होती. आमच्या कामगारांनी 'जेवलेलं' आणि 'उपाशी' अशी ठेवली होती आणि मलाही तीच बरोबर वाटायची. दोन्हींचे नमुने घ्यायचे, त्यात ॲसिड घालून आतला गॅस फसफसवून बाहेर काढायचा आणि तो नळीत मोजायचा, हे माझं काम. थोडक्यात, कोण किती जेवलंय ते बघायचं. ह्या कामाने माझ्या ओढणीला असा वास बसला होता की न्हावऱ्यावरून येणाऱ्या एसटीत शेजारची बाई पदर नाकाला लावून खिडकीबाहेर बघत बसायची.

मनोऱ्याच्या पायाशी सोल्युशनची टाकी आणि पंप होते, आणि पंपाशी मामा असायचे. आमच्याच शिवेवरच्या धनगरवस्तीतले. त्यांचे वडील मेंढरं घेऊन कोकणापर्यंत उतरायचे, मामांनी मेंढरं विकून कांदा लावला आणि उरलेल्या वेळात पंप चालवायला घेतला. मामा फार गोड माणूस होते असं मुळीच नाही. बोलणं कुजकं, चहा कायम दुसऱ्याच्या जिवावर आणि एखाद्याचा राग धरला की त्याच्या पोरांच्या लग्नापर्यंत सोडायचे नाहीत. कंपनीच्या निळ्या शर्टावर त्यांच्या खांद्याला काळी घोंगडी असायची. घरच्या मेंढरांच्या लोकरीची. उन्हाळा असो की हिवाळा.

मामांना एकच गोष्ट पाहिजे होती, कायम व्हायचं होतं. कंपनी त्यांना दर काही महिन्यांनी 'ब्रेक' द्यायची, म्हणजे आठवडाभर घरी बसवून परत नव्याने घ्यायची. तसं केलं की माणूस कितीही वर्षं राबला तरी कागदावर कालच आलेला दिसतो. "बाप जल्मभर फिरला, ताई," मामा मला म्हणायचे. "आज ह्या माळाला, उद्या त्या. लोकांच्या वावरात बसायचं आन् उठ म्हणलं की उठायचं. मला येका जागी कायम हाय म्हणून पायजे." त्या वर्षी मालकांनी स्वतः शब्द दिला होता की दिवाळीला मामांना कायम करू. मालक म्हणजे आमच्याच भागातले मोठे बागाईतदार. डेअरी होती, राजकारण होतं, आणि आता धूरही होता.

कारखाना चालवायला मालकांनी पुण्याहून जनरल मॅनेजर आणले होते. सगळे त्यांना मोठे साहेब म्हणायचे, ते स्वतःसुद्धा. फोन उचलला की "मोठे साहेब बोलतोय" असंच म्हणायचे. परदेशात ट्रेनिंग झालं होतं म्हणून दौंडच्या उन्हात लोकरीचा ब्लेझर घालायचे. रोज आगगाडीने दौंडला उतरायचे, तिथून कंपनीची जीप. अमाइनचा वास सोसत नाही म्हणून प्लांटवर फिरकत नसत. आम्हाला मात्र दर सोमवारी सोल्युबिलिटीवर व्याख्यान द्यायचे. गॅस पाण्यात कसा विरघळतो हे त्यांनी काचेच्या केबिनमधून फार बारकाईने पाहिलेलं होतं.

तर त्या पावसाळ्याच्या शेवटाला प्लांट बंद करून सगळी साफसफाई झाली, नवंकोरं सोल्युशन भरून पंपाने नुसतं फिरवत ठेवलं आणि धूर सोडायच्या आधी मालकांनी सत्यनारायण घातला. टाकीपासून चार पावलांवर चौरंग मांडला. रांगोळी काढायचं काम अर्थातच लॅबकडे आलं, कारण लॅबमध्ये मी होते. दौंडहून आलेल्या गुरुजींनी सगळी मांडामांड बघितली आणि म्हणाले, "यजमानांना बसायला लोकरीचं आसन पाहिजे. सोवळ्याला लोकरच चालते."

आता कारखान्यात लोकर कुठून आणायची? खुर्च्यांवर फोम होता, खाली रबरी मॅट होती. मग सगळ्यांची नजर एकदमच मामांच्या खांद्यावर गेली. मामांनी घोंगडी काढून, झटकून, चौरंगापुढे अंथरली. मालक आणि मालकीणबाई तिच्यावर बसले. "वा मामा, तुमची घोंगडी पावन झाली," मोठे साहेब म्हणाले. मामांनी हात जोडले. त्या दिवशी ते घोंगडी द्यायला नाही म्हणू शकले असते का, हा प्रश्न तिथं कुणालाच पडला नाही.

पंचामृत बादलीभर होतं. दूध, दही, तूप घरच्या डेअरीचं, मग मालक हात कशाला आखडता घेतील? तूप तर असं वर तरंगत होतं की पळी आत घातली की चमकत बाहेर यायची. बरंचसं यजमानांच्या हातून सांडून घोंगडीवर गेलं, थोडं तीर्थ म्हणून सगळ्यांच्या तळहातावर पडलं आणि तरी अर्धी बादली उरली. गुरुजी निघताना बजावून गेले, "हे पायदळी येऊ देऊ नका. वाहत्या पाण्यात सोडा."

वाहतं पाणी म्हणजे भीमा, आणि भीमा दौंडच्या पलीकडे. सगळे तिकडं प्रसादाच्या पंगतीला बसले होते, मामासुद्धा. मोठ्या साहेबांच्या गाडीची वेळ झाली होती. मी नमुन्याची बाटली घेऊन टाकीकडे आले तर साहेब टाकीचं झाकण उघडून बादली आत उपडी करत होते.

"सर, ते सोल्युशन आहे!" मी ओरडलेच.

"पाणीच आहे की," साहेब शांतपणे म्हणाले. "एटी पर्सेंट वॉटर. आणि बघा, वाहतंय." त्यांनी बादलीच्या बुडाला दोन थापा मारल्या, शेवटचा थेंब निथळू दिला, टाकीला मनोभावे नमस्कार केला आणि रुमालाने नाक दाबत जीपकडे गेले.

पंगत उठल्यावर मामा आले. चिकट झालेल्या घोंगडीवर त्यांनी नुसत्या पाण्याचा हात मारला आणि ती टाकीच्या कठड्यावर वाळत टाकली.

पहिले दोन दिवस सगळं सुरळीत चाललं. साहेबांनी तेही सत्यनारायणाच्या नावावर टाकलं. मग मनोरा उतू गेला. दूध उतू जातं तसाच, फक्त हा चार मजली होता. आत फेसच फेस, वरच्या पाइपातून पांढरे गोळे बाहेर पडून शेजारच्या वावरातल्या कांद्यावर, कॅन्टीनच्या पत्र्यावर आणि साहेबांच्या जीपवर टपाटप पडायला लागले. फेसातून धूर नुसताच वर निघून जायचा, सोल्युशनच्या तोंडी लागायचाच नाही. माझ्या नळीत जेवलेल्या आणि उपाशी सोल्युशनमध्ये काही फरकच उरला नाही. सगळंच उपाशी. सिलिंडर भरणं थांबलं, सोडावाल्यांचे फोन सुरू झाले.

कारण काय ते मला वास्तविक पहिल्याच फेसाला कळलं होतं. अमाइनमध्ये तूप टाकून उकळत ठेवलं तर त्याचा साबण होतो. त्याला देवाधर्माशी काही देणंघेणं नाही, कुणाच्याही हातून टाका, साबणच होतो. मी तपासणी केली आणि सोल्युशनमध्ये साबण आहे असा रिपोर्ट साहेबांना दिला. कसला ते त्यांना ठाऊकच होतं.

साहेबांनी त्यातला 'साबण' एवढा एकच शब्द घेतला आणि कधी नव्हे ते नाकाला रुमाल लावून स्वतः प्लांटवर आले. टाकीच्या कठड्यावर घोंगडी अजून वाळत होतीच. साहेबांचा चेहरा असा उजळला, जणू परदेशातलं ट्रेनिंग शेवटी कामाला आलं.

"ही इथं कुणी धुतली?"

"धुतली न्हाई साहेब, पाण्याचा हात मारला," मामा म्हणाले.

"कुठला साबण वापरला?"

"घोंगडीला साबण लावतंय व्हय कुणी? चिंचोक्याची खळ असती तिला. साबणानं खळ जाती, पार चिंधी व्हती तिची."

"म्हणजे धुतली, हे कबूल आहे," साहेब म्हणाले, आणि वळून मला शिकवल्यासारखं बोलले, "हायजीन, मिस. ह्या लोकांना हायजीनच नाही."

चौकशी होईपर्यंत मामांनी गेटबाहेर राहायचं असं ठरलं. चौकशी करणार कोण, तर साहेबच. दिवाळी तोंडावर आली होती आणि मामांच्या कायम होण्याचं काय ते विचारायलाही कुणी धजेना.

मी केबिनमध्ये गेले. माझं तोंड रागाने लाल झालं असावं, कारण साहेबांनी मला आधी पाणी प्या म्हणून सांगितलं. मी म्हणाले, "सर, बादली तुम्ही ओतलीत. मी बघितलंय." साहेबांनी माझ्याकडे फार कीव आल्यासारखं बघितलं. "मिस, ते तीर्थ होतं. तीर्थ इज नॉट कंटॅमिनेशन." विज्ञानाचा माणूस एकदा श्रद्धेच्या मागे जाऊन लपला की त्याला कुठल्याही बाजूने पकडता येत नाही. मला इतका संताप आला की मी त्यांच्या टेबलावरचं पाणी न पिता तशीच बाहेर आले.

गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर मामा बसले होते. घोंगडी मांडीवर.

"ताई, तुम्ही पायलंय ना?"

"पाहिलंय."

"मग बोला की."

"बोलले, मामा. ते म्हणाले, तीर्थ होतं."

मामांनी घोंगडीचा चिकट काठ माझ्यापुढं धरला. "आवो, मग माझी घोंगडीबी त्याच बादलीनं भिजलीया. येकच बादली. त्यांच्या हातात हाय तवर तीर्थ, आन् माझ्या खांद्यावर आलं की साबण?" मग हळू आवाजात, "ह्या खेपला ब्रेक न्हाई व्हायचा ताई. ह्या खेपला घरीच बसवत्यात मला."

मामांच्या तोंडून हळू आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. मला फार वाईट वाटलं. नुसतं वाईट वाटून उपयोग नव्हता, कारण फेस येतो हे दाखवून भागणार नव्हतं. फेस मामांच्या नसलेल्या साबणानेही आला असता आणि साहेब तेच म्हणाले असते. पाहिजे होतं ते हे, की हा साबण तुपाचाच आहे हे आंधळ्यालासुद्धा कळावं.

आणि ते उत्तर माझ्या रोजच्या कामातच येऊन पडलं. दुसऱ्या दिवशी मी नेहमीसारखा नमुना घेतला, गॅस मोजायला त्यात ॲसिड घातलं. जो काही थोडा गॅस होता तो फसफसून निघून गेला, अमाइनचा माशाचा वास मेला, कारण ॲसिड घातलं की तो मरतोच, आणि त्याच्या जागी लॅबमध्ये एक वेगळाच वास पसरला. कोनाड्यात विसरलेल्या लोण्याचा. खवट तुपाचा. वर तेलकट तवंग तरंगत होता. दुधातुपाच्या साबणावर ॲसिड घातलं की तो मोडतो आणि आपल्या मूळच्या घराण्याचा वास सोडतो. बाजारातल्या वडीच्या साबणाला हा वास येत नाही. मी तिथंच स्टुलावर बसून एकटीच हसले.

त्याच आठवड्यात मालक आले. सोडावाल्यांनी त्यांना घरी फोन केले होते, त्यामुळे पायातल्या चपलांचा आवाजही रागाचा होता. साहेबांनी घोंगडीची सगळी कथा इंग्रजीत सांगितली. मालकांनी ती मराठीत ऐकून घेतली. मग मी म्हणाले, "मालक, लॅबमध्ये पाच मिनिटं या. नुसता वास घ्यायचाय."

मी दोन चंबू ठेवले होते. एकात स्वच्छ सोल्युशनमध्ये कॅन्टीनमधल्या साबणाची वडी विरघळवलेली, दुसऱ्यात टाकीतलं सोल्युशन. दोन्हींत ॲसिड घातलं. दोन्हींवर तवंग आला. मालकांनी पहिला चंबू हुंगला, "काय न्हाई, मेणचटावाणी येतंय." दुसरा हुंगला आणि त्यांचं नाक तिथंच थांबलं. जन्मभर डेअरी चालवलेला माणूस. त्यांनी डोळे मिटून परत एकदा हुंगलं.

"हे तूप हाय," मालक म्हणाले. "आपल्याच डेअरीचं. बिघाडलंय."

साहेब ब्लेझरचं बटण लावत होते, सोडत होते.

"आपलं तूप टाकीत कसं गेलं?" मालकांनी विचारलं. "उरलेली बादली कुणी नेली हुती?"

मी म्हणाले, "मोठ्या साहेबांनी. टाकीत ओतली. मी समोर होते."

मालकांनी साहेबांकडे बघितलं. "गुरुजी तर वाहत्या पाण्यात सोडा म्हणले हुते."

"वाहतंच होतं सर," साहेब म्हणाले. "पंप चालू होता."

मालक हसतील असं मला वाटलं होतं. ते हसले नाहीत. त्यांनी दोन्ही चंबूंकडे बघितलं, आणि मग ज्या चंबूत तूप होतं त्याला, सवयीने असेल, हात जोडले. "सत्यनारायणाचं हाय शेवटी," ते म्हणाले. "कुणाची चूक काढायची आता? सोल्युशन बदला. त्या मामाला आत घ्या." आणि चहा सांगितला.

एवढंच. माफी नाही, ठपका नाही. घोंगडीने फेस आणला तेव्हा ती हायजीनची बाब होती, पंचामृताने आणला तेव्हा ती देवाची मर्जी झाली. मामा आत आले, दिवाळी झाली आणि थोड्या उशिराने का होईना, मालकांनी शब्द पाळला. मामा कायम झाले. पण त्याच्या आधीच गेटवर साहेबांच्या सहीची एक नोटीस लागली होती. कारखान्याच्या आवारात घोंगडी आणण्यास सक्त मनाई. पंचामृताबद्दल तिच्यात एक अक्षर नव्हतं. त्या दिवसापासून मामा रोज कामावर येताना घोंगडी वॉचमनच्या खुंटीला अडकवायचे आणि जाताना घेऊन जायचे. मी एकदा म्हणाले, मालकांना सांगून नोटीस काढायला लावते. मामा म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. लागंल कवातरी."

पुढच्या वर्षी परत साफसफाई झाली, परत नवं सोल्युशन, परत सत्यनारायण. चौरंग या वेळी टाकीपासून लांब, बॉयलरपलीकडे मांडला होता. रांगोळी परत लॅबकडे. तेच गुरुजी आले, मांडामांड बघितली आणि म्हणाले, "यजमानांना लोकरीचं आसन?"

साहेब हसत मामांकडे वळले. "मामा, आणा की तुमची घोंगडी."

मामा पंपाशी उभे होते. कोरा निळा शर्ट, खिशाला कायम कामगारांचा पिवळा बिल्ला. ते जागचे हलले नाहीत.

"बंदी हाय साहेब."

"अहो, आज चालतं. पूजेला चालतं."

"तुमचीच सही हाय," मामा म्हणाले. "मी न्हाई आणायचा."

मालक उभे, मालकीणबाई हातात फुलांची परडी घेऊन उभ्या, मुहूर्त चाललेला. गुरुजी घाईला आले होते. "घोंगडीच कशाला, लोकरीचं काहीही चालेल हो," ते म्हणाले.

मालकांची नजर सावकाश साहेबांच्या ब्लेझरवर जाऊन थांबली.

ब्लेझर उतरवायला साहेबांना बराच वेळ लागला. तो चौरंगापुढे पालथा अंथरला गेला, मालक आणि मालकीणबाई त्यावर टेकले आणि डेअरीचं दूध, दही, तूप वर्षभराच्या भक्तीने त्यावर सांडलं. आरती झाली, तीर्थ वाटून झालं, नेहमीप्रमाणे अर्धी बादली उरली. मालकांनी ती उचलून साहेबांच्या हातात दिली आणि म्हणाले, "जीप घ्या. भीमेपत्तुर जाऊन या." साहेब नुसत्या शर्टावर, मांडीत बादली धरून जीपमध्ये बसले आणि जीप अगदी सावकाश गेटबाहेर गेली.

संध्याकाळी सुटल्यावर मामांनी खुंटीवरची घोंगडी खांद्यावर टाकली आणि आम्ही टपरीवर बसलो. मला वाटलं होतं, मामा आज जोरात असतील, साहेबांची नक्कल करतील. पण त्यांनी साहेबांचं नावसुद्धा काढलं नाही.

"मागल्या साली मी दिली हुती घोंगडी," ते म्हणाले. "कुणी मागितली न्हवती, नुसतं बघितलं. आन् म्या दिली." मग कपातला चहा बशीत ओतत म्हणाले, "आज न्हाई म्हणता आलं, ताई. येवढ्यासाठीच कायम व्हायचं व्हतं."

चहा नेहमीसारखा मलाच पाजायला लावला त्यांनी.